‘घर आपलेंच समजा’ : पाहुण्याच्या पडण्याचा कायदेशीर इतिहास

पाहुणा उंबरठ्याशीं आला कीं आपण सहज म्हणतों, “या, संकोच करूं नका, घर आपलेंच समजा.” बोलणाऱ्याच्या मनांत आदर असतो, आणि ऐकणाराहि त्या शब्दांचा अर्थ शब्दशः घेत नाहीं. घर आपलें म्हणून निरोप घेतांना कोणी बसावयाची खुर्ची उचलून नेत नाहीं! परंतु हाच गोड भाव इंग्लंडांतील न्यायाधीशांनीं एकदां अगदीं शब्दशः घेतला. आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्या माणसाचें घरांत अगत्य अधिक, त्याला अपघात झाल्यास न्यायालयांत संरक्षण कमी, असा उफराटा नियम शंभर वर्षें टिकून राहिला. अंधाऱ्या जिन्यावरून, निसटत्या पायरीवरून किंवा कठडा नसलेल्या गच्चीवरून पाहुणा पडला, तर त्याचें नुकसान कोणीं सोसावयाचें? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. हा इतिहास मुख्यतः इंग्लंडचा आहे. पण तोच कायदा इंग्रजी अमलाबरोबर आपल्या न्यायालयांत आला, म्हणून तो थोडा आपलाहि आहे.

प्रश्न मात्र इंग्लंडाहून फार जुना. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांतील ‘अनुवाद’ नांवाच्या ग्रंथांत, बाविसाव्या अध्यायांत, नवें घर बांधणाऱ्यास अशी आज्ञा आहे कीं, त्यानें गच्चीला कठडा करावा. कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. त्या देशांत घरें सपाट धाब्याचीं असत आणि माणसांचा वावर गच्चीवर पुष्कळ असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आज्ञेंतील व्यवहारज्ञान ध्यानांत येतें. पडणारा कोण, तो सोयरा कीं परका, बोलावलेला कीं न बोलावलेला, असा कांहींच भेद तींत केलेला नाहीं. जो पडेल त्याच्यासाठीं कठडा! ही गोष्ट आपण मनांत ठेवूं. कारण तेथपर्यंत परत पोंचण्यास इंग्लंडच्या कायद्याला विसावें शतक उजाडावें लागलें.

रोमन लोकांनीं या प्रश्नाकडे शहराच्या दृष्टीनें पाहिलें. रोम शहरांत भाड्याचीं अनेकमजली घरें दाटीनें उभीं होतीं आणि वरच्या खिडक्यांतून खापरें, पाणी व नाना प्रकारची घाण खालच्या रस्त्यावर पडत असे. म्हणून प्रेटर या न्यायाधिकाऱ्यानें आज्ञा काढली कीं, वरून कांहीं टाकलें गेल्यास किंवा सांडल्यास, तें प्रत्यक्ष कोणीं टाकलें याची चौकशी न करितां, तेथें राहणाऱ्या बिऱ्हाडकरूनें भरपाई करावी. स्वतंत्र मनुष्य मेला तर पन्नास सुवर्णमुद्रा. केवळ जखमी झाला तर औषधोपचाराचा खर्च व बुडालेली कमाई न्यायाधीशानें ठरवावी. पण शरीरावर राहिलेल्या व्रणाबद्दल मात्र कांहीं द्यावयाचें नाहीं. कां? तर स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करतांच येत नाहीं, असें गायस हा रोमन पंडित म्हणतो! याच नियमाच्या विवरणांत पाहुण्याचाहि उल्लेख आहे. घरांत चार दिवस उतरलेला पाहुणा या दंडास पात्र नाहीं, कारण तो तेथें ‘राहत’ नाहीं; ज्यानें त्याला आश्रय दिला तो यजमानच उत्तरदायी. पाहुणा कितीहि जिव्हाळ्याचा असला तरी घरावर ताबा यजमानाचा, आणि जबाबदारी ताब्याच्या पाठोपाठ जाते, हें तत्त्व रोमन लोकांनीं इतक्या स्वच्छपणें ओळखलें होतें.

आतां इंग्लंडकडे वळूं. इंग्रज गृहस्थाचें घर म्हणजे त्याचा किल्ला, ही कल्पना तेथील न्यायालयांत १६०४ सालापासून रुजली होती. किल्ल्याच्या धन्याला आपल्या तटाच्या आंत काय ठेवावें आणि काय ठेवूं नये हें दुसऱ्यानें कां सांगावें? हा अभिमान कोणत्या थराला गेला होता पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पुष्कळ जमीनदार आपल्या बागांतून व रानांतून यांत्रिक बंदुका लावून ठेवीत. गवतांत लपविलेल्या तारेला पाय लागला कीं बंदूक आपोआप उडे! १८२५ सालीं ट्यूलिपच्या फुलांच्या एका बागेंत शेजाऱ्याची लांडोर शिरली. ती पकडून द्यावी म्हणून एक तरुण भिंत चढून आंत उतरला आणि बंदुकीच्या गोळीनें त्याचा गुडघा फुटला. बागेच्या मालकानें बंदुकीची सूचना कोठेंहि लावली नव्हती. म्हणून १८२८ सालीं न्यायालयानें त्याला दोषी धरलें. दरम्यान १८२७ सालीं पार्लमेंटानेंच अशा बंदुकांना बंदी केली. मात्र रात्रीच्या वेळीं राहत्या घराच्या रक्षणासाठीं त्या लावण्याची मोकळीक ठेवली. इंग्रजी कायद्याच्या प्रवासाचा आरंभ हा असा आहे : मालमत्तेचा मान आधीं आणि येणाऱ्याचे हातपाय मागून.

बंदूक ही मुद्दाम लावलेली वस्तु. पण घरांतील मोडतोड कोणी मुद्दाम ठेवीत नाहीं. ती नुसती राहून जाते. अशा राहून गेलेल्या दोषानें पाहुण्यास इजा झाली तर काय, हा प्रश्न १८५६ सालीं ‘साउथकोट विरुद्ध स्टॅन्ले’ या खटल्यांत उभा राहिला. प्रतिवादीचें एक हॉटेल होतें. वादी तेथें गिऱ्हाईक म्हणून उतरला नव्हता. मालकाच्या निमंत्रणावरून पाहुणा म्हणून आला होता. परत जातांना त्यानें कांचेचें दार लोटलें, आणि दारांतील सैल झालेलें तावदान निखळून अंगावर पडल्यामुळें तो जखमी झाला. न्यायालयानें दावा फेटाळला. मुख्य न्यायाधीश पोलॉक यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा : पाहुणा घरांत असेपर्यंत तो त्या कुटुंबापैकींच एक होतो, घरच्या माणसांना किंवा नोकरांना जो धोका पत्करावा लागतो, तोच त्यानेंहि पत्करला पाहिजे. ‘घर आपलेंच समजा’ या वाक्याचा याहून कडक अर्थ कोणीं केला असेल असें वाटत नाहीं!

या निर्णयाच्या मुळाशीं एक भीति होती, ती ओळखल्याखेरीज त्या न्यायाधीशांना न्याय दिल्यासारखें होणार नाहीं. एकोणीस वर्षें आधीं, १८३७ सालीं, एका खाटकाच्या नोकरानें आपल्या धन्यावर दावा केला होता. माल जास्त भरल्यामुळें गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. त्या वेळीं न्यायाधीश लॉर्ड ॲबिंजर यांनीं म्हटलें कीं, हा दावा मान्य केला तर अशा दाव्यांना अंतच राहणार नाहीं. मोलकरणीनें ओलसर बिछाना घातला म्हणूनहि नोकर धन्यावर फिर्याद करील. दरवाजा एकदां किलकिला केला कीं सारें गांव आंत शिरेल, या धास्तीनें तो दरवाजा बंदच ठेवण्यांत आला, आणि नोकराच्या शेजारीं पाहुण्यालाहि बाहेर उभें राहावें लागलें.

परंतु काळ थांबत नव्हता. कारखाने वाढले, एका धन्याच्या जागेंत दुसऱ्याचे कारागीर कामासाठीं जाऊं येऊं लागले. लंडनमधील एका साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांत गॅसचें एक नवें यंत्र बसविलें होतें. तें नीट चालतें कीं नाहीं हें तपासावयास यंत्र बसविणाऱ्याच्या बाजूचा एक कारागीर आला. वरच्या मजल्यावर साखर चढविण्या-उतरविण्यासाठीं जमिनींत एक मोठें विवर ठेवलेलें होतें. त्याला कठडा नव्हता. काम करतां करतां तो त्यांतून खालीं कोसळला. ‘इंडरमॉर विरुद्ध डेम्स’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या खटल्यांत १८६६ सालीं न्यायमूर्ति विल्स यांनीं नवा नियम सांगितला : ज्या कामांत घरधन्याचाहि स्वार्थ आहे अशा कामासाठीं जो आंत येतो, त्याला अनपेक्षित धोक्यापासून वांचविण्याची वाजवी काळजी धन्यानें घेतली पाहिजे, धोका त्याला ठाऊक असो, किंवा ठाऊक असावयास हवा असो. पुढील वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें हाच निर्णय कायम केला.

निर्णय मोठा उदार होता. पण त्यांतूनच नवी विषमता जन्मास आली. आंत येणाऱ्या माणसांच्या आतां तीन जाती झाल्या. पहिली, कायद्याच्या भाषेंत ‘आमंत्रित’, म्हणजे ज्याच्या येण्यांत घरधन्याचा कांहीं आर्थिक लाभ आहे असा : दुकानांतील गिऱ्हाईक, कामावरील कारागीर. दुसरी, केवळ परवानगीनें आलेला. त्याला जागा जशी असेल तशी पत्करावी लागे, आणि मालकाला ठाऊक असलेल्या छुप्या धोक्याची सूचना एवढीच त्याला मिळे. तिसरी, परवानगीवांचून शिरलेला. त्याला बुद्ध्या इजा केली नाहीं म्हणजे धन्याचें कर्तव्य संपलें. आतां चमत्कार पाहा. मेजवानीचें आग्रहाचें बोलावणें पाठवून आणलेला जिवलग मित्र या वर्गवारींत कोठें बसे? ‘आमंत्रितां’त नव्हे, कारण त्याच्या येण्यानें यजमानाचा कांहींच फायदा होत नाहीं! तो बसे दुसऱ्या जातींत. जेवणाचें सामान पोंचविण्यास आलेला दुकानदाराचा माणूस जिन्यावरून घसरला तर त्याचा हक्क मोठा, आणि तेंच जेवण जेवावयास आलेला मित्र घसरला तर त्याचा हक्क लहान.

जिन्याचाच एक खटला १९२३ सालच्या निकालसंग्रहांत आहे. अनेक बिऱ्हाडांच्या एका इमारतींत एक बाई आपल्या बहिणीकडे राहत होती. इमारतीचा सामायिक जिना मालकाच्या ताब्यांत होता. पायरीवरील सिमेंट झिजून तेथें खळगा पडला होता. जिना उतरतांना त्यांत बाईंच्या बुटाची टाच अडकली आणि त्या पडल्या. हाउस ऑफ लॉर्ड्सनें ठरविलें कीं, त्या मालकाच्या दृष्टीनें ‘आमंत्रित’ नव्हत, केवळ परवानगीनें वावरणाऱ्या होत. शिवाय खळगा छुपा नव्हता, डोळ्यांस दिसण्याजोगा होता. दावा गेला. भाडेकरूच्या घरांत राहणाऱ्या आप्तांना जिना वापरल्यावांचून घरांत शिरतां येत नाहीं, आणि जिना दुरुस्त करण्याचा अधिकार तर त्यांच्या हातीं नाहीं, ही साधी अडचण त्या वर्गवारींत कोठेंच मावली नाहीं.

त्याहून करुण प्रकार लहान मुलांचा. स्कॉटलंडमध्यें एका कोळशाच्या खाणीच्या आवारांत मुलें खेळावयास येत. त्यांना हांकलीत, तीं पुन्हा येत. अशा एका चार वर्षांच्या मुलाचा तेथील चाकांत सांपडून अंत झाला. १९२९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय दिला कीं, मुलगा परवानगीवांचून शिरलेला होता. सबब त्याच्या बापाला भरपाई मिळणार नाहीं. चार वर्षांच्या पोराला परवानगी म्हणजे काय हें कळत नसतें, हें न्यायाधीशांना ठाऊक नव्हतें असें कसें म्हणावें? पण जात एकदां ठरली कीं पुढचा निकाल आपोआप ठरे.

या जातिभेदाला धक्का बसला तो दुसऱ्याच दिशेनें. १९३२ सालीं जिंजर बिअरच्या बाटलींत गोगलगाय निघाल्याच्या तक्रारीवरून चाललेल्या खटल्यांत लॉर्ड ॲटकिन यांनीं असें तत्त्व मांडलें कीं, आपल्या कृतीनें ज्याला इजा होईल हें वाजवी विचारानें दिसण्याजोगें आहे, तो प्रत्येक जण कायद्याच्या दृष्टीनें आपला शेजारी होय, आणि त्याची काळजी घेणें आपलें कर्तव्य होय. बाटली भरणाऱ्या उत्पादकाला अपरिचित गिऱ्हाइकाची काळजी घ्यावी लागते, मग घरधन्याला समोर बसलेल्या मित्राची कां नको? १९५४ सालीं कायदा-सुधारणा समितीनें ही वर्गवारी मोडावी असा अहवाल दिला, आणि १९५७ सालीं पार्लमेंटानें कब्जेदारांच्या दायित्वाचा अधिनियम संमत केला. १ जानेवारी १९५८ पासून तो अमलांत आला. आमंत्रित आणि परवानगीनें आलेला हा भेद गेला. जो कोणी रीतसर आंत आला तो ‘पाहुणा’. आणि ज्या कामासाठीं त्याला येऊं दिलें त्या कामापुरता तो वाजवी रीतीनें सुरक्षित राहील एवढी काळजी कब्जेदारानें घ्यावी.

या अधिनियमाचें शहाणपण त्याच्या बारकाव्यांत आहे. मुलें मोठ्यांइतकीं सावध नसतात हें धन्यानें धरून चालावें, असें त्यांत म्हटलें आहे. उलटपक्षीं, कारागिराला त्याच्या धंद्यांतले धोके ठाऊक असतात हेंहि धन्यानें गृहीत धरण्यास हरकत नाहीं. ‘सावध राहा’ अशी पाटी टांगली म्हणजे सुटका झाली असें नाहीं. त्या पाटीनें येणारा खरोखर सुरक्षित राहण्याजोगा झाला पाहिजे. घरांत शिरण्याचा एकच जिना असेल आणि त्याची पायरी मोडलेली असेल, तर पाटी वाचून माणूस करणार काय? उडत वर जाणार?

पण कर्तव्य म्हणजे विमा नव्हे. ग्रेट यार्मथ येथील एका मद्यगृहाच्या वरच्या मजल्यावर पैसे देऊन उतरलेला एक गृहस्थ रात्रीं मागच्या जिन्यावरून पडून मरण पावला. हाताचा कठडा शेवटच्या पायरीपर्यंत पोंचत नव्हता, आणि दिव्याचा गोळा कोणा परक्यानें काढून नेला होता. १९६६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें दोन गोष्टी ठरविल्या. एकाच जागेचे कब्जेदार दोघे असूं शकतात. येथें मद्याची कंपनी आणि तेथें राहणारा व्यवस्थापक असे दोघेहि कब्जेदार होत. परंतु दिवा असतां जिना धोक्याचा नव्हता, आणि परक्यानें नुकताच काढून नेलेला गोळा त्यांना कळणें शक्य नव्हतें. म्हणून त्यांच्याकडून हयगय झालेली नाहीं. विधवेचा दावा फेटाळला गेला. निकाल मनाला रुखरुख लावतो, पण त्यामागची दृष्टि विचार करण्याजोगी आहे. ओलसर बिछान्याच्या भीतीला खरें उत्तर तेंच आहे. दार उघडें ठेवूनहि दाव्यांचा पूर येत नाहीं. कारण प्रत्येक वेळीं ‘वाजवी काळजी घेतली होती काय’ हा प्रश्न दारावर पहारा करीत असतो.

राहिला तो न बोलावतां आलेला. १९६५ सालीं लंडनजवळ मिचम येथें रेल्वेचें मोडकें कुंपण ओलांडून सहा वर्षांचा एक मुलगा विजेच्या रुळापर्यंत गेला आणि भाजला. मुलें तेथून जातात हें रेल्वेच्या नोकरांस कळलेलें होतें. १९७२ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९२९ चा कठोर नियम बाजूस सारला आणि साध्या माणुसकीचें कर्तव्य अशा मुलालाहि लागू आहे असें सांगितलें. १९८४ सालीं त्याचा स्वतंत्र अधिनियम झाला. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तर १९६८ सालींच तिन्ही जाती एकदम मोडल्या. तेथें भेटीस आलेल्या गृहस्थाचा हात स्नानगृहांतील नळाच्या फुटक्या चिनी मातीच्या मुठीनें कापला होता. मूठ फुटकी आहे हें घरच्या बाईला ठाऊक होतें. तिनें घरमालकास कळविलेंहि होतें. पाहुण्यास मात्र सांगितलें नव्हतें.

आतां आपल्याकडे पाहूं. १८६२ सालीं मुंबईचें हायकोर्ट स्थापन झालें, आणि हयगयीच्या दाव्यांत इंग्रजी निर्णयांचा आधार घेण्याची वहिवाट आपल्या न्यायालयांत रूढ झाली. इंग्लंडचा १९५७ चा अधिनियम भारतास लागू नाहीं, आणि तसा स्वतंत्र अधिनियम आपण केलेलाहि नाहीं. हयगयीचीं सामान्य तत्त्वेंच येथें चालतात. दिल्लीच्या चांदणी चौकांतील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसें मेलीं, तेव्हां दोष छुपा होता असें म्युनिसिपालिटीनें सांगून पाहिलें. १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें ऐकलें नाहीं. मनोरा ऐंशी वर्षांचा. आणि वापरलेल्या चुन्याचा विचार करतां वरच्या मजल्याचें आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचें. रस्त्याला लागून असलेल्या इमारतीची तपासणी वेळोवेळीं करणें हें मालकाचें कर्तव्य, असें न्यायालयानें ठरविलें.

मुंबईच्या चाळींत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. १९४७ च्या कायद्यानें पुष्कळ घरांचीं भाडीं १९४० सालच्या मानानें बांधलीं गेलीं, आणि दुरुस्तीचें कर्तव्य मात्र घरमालकाकडेच राहिलें. मालक म्हणे, भाडें पुरत नाहीं. भाडेकरू म्हणे, जिना माझा नाहीं. जुन्या इमारतींची दुरवस्था इतकी वाढली कीं, १९६९ सालीं सरकारला कायदा करून, उपकर बसवून, दुरुस्तीसाठीं मंडळ स्थापावें लागलें. या ओढाताणींत मोडक्या पायरीवरून पाय घसरणारा बहुधा तिसराच कोणी असे : गांवाहून आलेली आत्या, औषध घेऊन आलेला मुलगा, पोस्टमन. आणि आप्तस्वकीयांनीं एकमेकांवर फिर्याद करणें आपल्या समाजांत शोभत नाहीं, म्हणून त्याचा खर्च व त्याचें दुखणें त्याच्याच पदरीं राही.

न्यायमूर्ति पोलॉक यांची चूक कोठें झाली, हें या सगळ्या इतिहासावरून सांगतां येतें. पाहुणा सर्व बाबतींत घरचा होऊं शकतो. एका बाबतींत कधींच होत नाहीं. घरच्या माणसाच्या पायांना घर पाठ असतें. सहावी पायरी उंच आहे, न्हाणीघराची फरशी शेवाळलेली आहे, गच्चीच्या कठड्याला रेलावयाचें नाहीं, हें घरच्यांस इतकें सवयीचें होतें कीं तो धोका आहे हेंच ते विसरतात. पाहुणा नेमका हेंच ज्ञान बरोबर घेऊन येत नाहीं. म्हणून त्याला घरचा मानणें म्हणजे त्याला त्याच्या नशिबावर सोडणें असा अर्थ होऊं शकत नाहीं. आपल्याला ठाऊक असलेलें त्याला वेळेवर सांगणें, असाच व्हावयास हवा. इंग्रजी कायद्याला एवढें उमजण्यास १८५६ पासून १९५७ पर्यंत एकशें एक वर्षें लागलीं. आपल्याला त्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. जिन्यांत एक दिवा, कठड्याला एक खिळा आणि ‘जरा जपून, ही पायरी मोडकी आहे’ एवढे शब्द, आणि मग खुशाल म्हणावें, “या, घर आपलेंच समजा.”